पिशवीपासून ब्लाउजपर्यंत: शिवण आणि फॅशन डिझायनिंग शिकायला निघालेल्यांसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या कुडाळ-मालवणकडच्या दोन-चार मुली आईला घेऊन माझ्या पडवीत येतात. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, फॅशन डिझायनिंग करायचंय, कुठून सुरू करू?" पडवीत माझी दोन मशीनं आहेत आणि शेजारी मांजरपाटाचे, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचे, तुकडे पडलेले असतात. मी त्यातला एक तुकडा मुलीच्या हातात देते आणि विचारते, "यात उभा धागा कुठला, आडवा कुठला?" बहुतेकींना सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं, आणि शिवणक्लासचे चार महिने झाल्यावरही येत नव्हतं, कारण मला ते कोणी विचारलंच नव्हतं.

माझी पहिली बाहेरची शिलाई म्हणजे आमच्या वाडीतल्या एका काकीचा अस्तराचा ब्लाउज. बसला छान. पहिल्या धुण्यानंतर काकी तो घेऊन परत आल्या. अस्तर आटलं होतं, वरचं कापड तेवढंच राहिलं होतं, त्यामुळे पुढच्या बाजूला सगळ्या चुण्या पडल्या होत्या आणि हुक लागत नव्हते. काकींनी ब्लाउज उलटा केला, बगलेची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "अगो, माया खंय ठेवलंस?" माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. ते जेमतेम पाव इंच होतं. उसवून सैल करायलाही जागा नव्हती. अस्तर न भिजवता कापणं आणि माया न सोडणं, या दोन्ही चुका टीप मारण्याच्या कितीतरी आधीच्या होत्या. म्हणूनच पुढच्या पायऱ्यांत मशीन चालवण्यापेक्षा त्याआधीच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

१. डिझायनर व्हायचं असलं तरी सुरुवात शिवणीपासून करा

बाही खांद्याला कशी बसते हे ज्याला माहीत नाही, त्याने कागदावर काढलेली बाही शिवता येत नाही. मोठ्या संस्थांतही फॅशन डिझाइनच्या विद्यार्थ्यांना पॅटर्न बनवणं आणि कपडा शिवणं शिकावंच लागतं. "मी फक्त डिझाइन करीन, शिवेल टेलर" असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. टेलरला काय सांगायचं हे कळायलासुद्धा शिवता यावं लागतं.

२. कुठे शिकाल, आणि कुठली कागदपत्रं लागतील

चार वाटा आहेत. आपलं वय, शिक्षण आणि घरची सोय बघून निवडा.

*गावातला शिवणक्लास.* तीन ते सहा महिने. प्रवेश घेण्याआधी एक दिवस नुसतं बसून बघा. बाई मुलींकडून कागदावर मापाप्रमाणे आकृती काढून घेतात, की तयार फर्मा, म्हणजे ठरावीक मापाचा कापलेला कागद, कापडावर ठेवून कापायला लावतात? फर्म्यावर शिकलेल्या मुलीला ३४ चा ब्लाउज येतो, पण ३४ छाती आणि रुंद खांदे असलेली बाई समोर आली की हात थांबतो. असा क्लास जवळ असला तरी घेऊ नका.

*ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी.* ती जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालते. साधारण महिनाभराचं शिवणाचं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्याजेवणाची सोय असते. वय १८ पूर्ण हवं. महिना कमी आहे, पण शिकवणीसोबत बँकेचे व्यवहार आणि हिशोबही शिकवतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

*आयटीआय.* 'सुइंग टेक्नॉलॉजी' हा ट्रेड आठवी पासवर मिळतो, 'फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी'ला दहावी पास लागते. दोन्ही एक वर्षाचे. दोन्ही ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतात, त्यामुळे पर्याय भरण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा. प्रवेश राज्याच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. ज्यांना वर्ष देता येईल त्यांना मी हीच वाट सांगते. रोज सहा-सात तास हात चालतो आणि सरकारी प्रमाणपत्र मिळतं.

*निफ्ट, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी.* ही संस्था १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. आपल्याला जवळचं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. चार वर्षांची पदवी, बारावी कुठल्याही शाखेची चालते, वयाची मर्यादा आहे आणि देशभरातून प्रवेश परीक्षा होते. चित्रकला, सामान्य आकलन आणि त्यानंतर दिलेल्या साहित्यातून हाताने वस्तू बनवून दाखवायची 'सिच्युएशन टेस्ट'. फी मोठी आहे, शिष्यवृत्तीची चौकशी आधीच करा. निफ्ट करायचं असेल तर अकरावीपासून रोज चित्र काढायला लागा. बारावीच्या परीक्षेनंतर सुरू केलं तर उशीर होतो.

आयटीआयसाठी हे कागद मे महिन्यातच एका पिशवीत जमवून ठेवा:

- दहावीची (किंवा आठवीची) गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर
- उत्पन्नाचा दाखला
- आधार, आणि आधारला जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं
- लग्न झालेल्यांसाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र

सगळ्यात जास्त मुली अडकतात त्या नावात. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. माझा अर्ज पडताळणीत याच एका अक्षरासाठी थांबला आणि पहिली फेरी हातची गेली. तीन कागद शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा. चूक दिसली तर निकालाची वाट न बघता लगेच दुरुस्तीला द्या. तहसीलचे दाखले सेतू केंद्रातून मिळतात, पण जूनमध्ये तिथे रांग असते.

३. सामान: आधी काय घ्यायचं, काय नाही

- पायाचं साधं शिवणयंत्र. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. पायाच्या मशीनला हवी तेव्हा मोटर जोडता येते.
- ६० इंची टेप. कापडी टेप ओढून ओढून वाढतो, म्हणून दर काही महिन्यांनी लोखंडी पट्टीशी ताडून बघा.
- नऊ-दहा इंची मोठी कात्री, फक्त कापडासाठी. कागदाला वेगळी. घरात सगळ्यांना बजावून ठेवा.
- खडू, टाचण्या, हातशिलाईच्या सुया, १४ नंबरच्या मशीनच्या सुया, पाच-सहा बॉबीन (खालचा दोरा गुंडाळायची छोटी रिळं)
- टीप उसवायचं छोटं हत्यार (दुकानात सीम रिपर म्हणून मागा)
- ब्राऊन पेपर, फूटपट्टी, काटकोन
- पाच मीटर मांजरपाट
- इस्त्री
- दोनशे पानी वही

ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारं मशीन), पिको मशीन (साडीची कड करणारं), पुतळा यातलं पहिल्या सहा महिन्यांत काही घेऊ नका. जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, पण शिवणारं माणूस सोबत नेऊन दोन पदरी आणि चार पदरी कापडावर टीप मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि एक, खास आपल्या घरांसाठी: मशीन कुरकुरलं की हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. कृपा करून घालू नका. खोबरेल घट्ट होतं, चिकटा धरतं आणि मशीन जड होऊन बसतं. मशीनचंच तेल घ्या. खाऱ्या दमट हवेत गंज लवकर धरतो, म्हणून काम संपल्यावर सुईखालची पट्टी उघडून धाग्याचा भुसा ब्रशने काढा, आठवड्याला तेलाचे थेंब सोडा आणि एका चिंधीवर दहा-बारा टिपा मारा, म्हणजे जादा तेल निघून जाईल.

४. आधी पाय, मग हात

पहिले तीन दिवस दोरा ओवू नका. जुनी सुई लावा, वहीचा रेघांचा कागद घ्या आणि रेघेवरून टीप मारायचा सराव करा. सरळ रेघ जमली की चौकोन, मग गोल. चाक उलटं फिरू न देता मशीन सुरू करणं आणि हव्या त्या टाक्यावर थांबवणं, एवढंच शिकायचंय. पहिल्या आठवड्यात पायाच्या पोटऱ्या दुखतात, नंतर सवय होते.

सुईची एक बाजू चपटी असते, दुसरीवर लांब खाच असते. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली की टाका धरतच नाही आणि नवीन मुलगी मशीन बिघडलं समजून मेकॅनिक बोलावते.

तीन तक्रारी कायम येतात:

खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसतात. सगळेजण बॉबीन बघतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. दाबाचा पाय वर उचला आणि पहिल्यापासून ओवा.

टाके मधेच सुटतात. सुई बोथट आहे किंवा कापडाला जुळत नाही. मलमलीसारख्या तलम कापडाला ११, नेहमीच्या सुतीला १४, जाड कापडाला १६ नंबर.

शिवण ओढल्यासारखी गोळा होते. टेन्शन जास्त आहे, किंवा तुम्ही कापड मागून ओढताय. कापड मशीनच नेतं, हाताने फक्त दिशा द्यायची.

५. कापड वाचायला शिका

या पायरीवर घाई करू नका.

कापडाच्या किनारीला समांतर जातो तो उभा धागा. किनारीपासून किनारीपर्यंतची रुंदी म्हणजे पन्हा, त्या दिशेने जातो तो आडवा. कापड हातात धरून उभं ओढा, जवळजवळ हलणार नाही. आडवं ओढा, किंचित ताणेल. आता तिरकं, म्हणजे उरेब ओढा. रबरासारखं येईल. गळ्याची पायपीन उरेब पट्टीची का कापतात ते या एका ओढण्यात कळतं: वळणावर सरळ पट्टी फुगते, उरेब पट्टी वळते. कुर्त्याची उंची उभ्या धाग्यावर ठेवायची. कापड वाचवायला पॅटर्न थोडा तिरका सरकवलात तर शिवताना काही जाणवणार नाही, पण दोन धुण्यांत बगलेची शिवण फिरून पुढे येईल.

सुती कापड आणि अस्तर कापण्याआधी भिजवायलाच हवं. मी अस्तर रात्रभर भिजवते, सावलीत वाळवते आणि इस्त्री करून मगच त्यावर खडू चालवते. लाल, निळं, गडद रंग वेगळे भिजवा. ओल्या पांढऱ्या चिंधीने कोपरा घासून बघा, रंग जातो की नाही कळेल. पावसात कापड वाळायला दोन-दोन दिवस लागतात, तो वेळ धरूनच गिऱ्हाईकाला तारीख द्या. दमट कापडावर कात्री चालवू नका. आणि कापडाचा गठ्ठा भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की निघत नाहीत.

सुती आहे की नाही याची शंका आली तर कडेचा एक धागा काढून चुलीपाशी पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आपल्या हवेत हा फरक फार मोठा आहे. मे महिन्याच्या लग्नात पॉलिएस्टरच्या अस्तराचा ब्लाउज घातलेली बाई दुपारपर्यंत हैराण होते. मुंबईच्या मासिकातला फोटो दाखवून कोणी जाड, अस्तराचा, गळाबंद कपडा मागितला तर शिवून जरूर द्या, पण हे आधी सांगा.

छापील कापडाला आणि मखमलीला वर-खाली असतं. दशावतारातल्या राजाचा पोशाख शिवायला माझ्याकडे मखमल आली होती. हात वरून खाली फिरवला की गुळगुळीत, उलट फिरवला की खरखरीत. एक भाग उलटा कापला गेला तर दिव्याच्या उजेडात त्याचा रंगच वेगळा दिसतो. सगळे भाग एकाच दिशेने मांडा, कापड थोडं जास्त लागलं तरी चालेल.

६. मापं

अंगावर घट्ट बसणाऱ्या कपड्यावरून मापं घ्या, पदरावरून किंवा ओढणीवरून नाही. समोरचीला सरळ बघायला सांगा. टेप बघायला तिने मान खाली घातली की पाठीची उंची बदलते. छातीचं माप घेताना टेप पाठीवर खाली घसरलेला नाही ना ते मागे जाऊन बघा.

ब्लाउजसाठी: उंची, छाती, वरची छाती, कंबर, खांदा, मुंढा (बाही जोडतात तो बगलेभोवतीचा घेर), बाहीची उंची, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा, आणि खांद्यापासून टक्सच्या (छातीला आकार द्यायला कापड दुमडून घातलेल्या टोकदार शिवणीच्या) टोकापर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप नवीन मुली हमखास विसरतात. टक्स चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही ब्लाउज बसत नाही.

"जुना ब्लाउज देते, तसाच शिव" असं गिऱ्हाईक म्हणालं तरी अंगावरची मापं घ्या. जुना ब्लाउज धुण्यात आटलेला असतो आणि माणूसही तेवढंच राहिलेलं नसतं.

७. पॅटर्न, सैलपणा आणि माया

या तीन गोष्टींची गल्लत झाली की कपडा वाया गेलाच म्हणून समजा. एक उदाहरण बघू. साध्या कुर्त्यासाठी छाती ३६ इंच. श्वास घ्यायला, हात हलवायला ४ इंच सैलपणा धरला, तर तयार कुर्ता ४० चा. कापड चार पदरी दुमडलेलं आहे, म्हणून ४० चा चौथा भाग, १० इंच. ही शिवणीची रेघ. तिच्या बाहेर १ इंच माया, म्हणजे कात्री ११ वर.

नवीन मुलगी काय करते? ३६ चा चौथा भाग ९, त्यात १ माया, कात्री १० वर. शिवल्यावर कुर्ता बरोबर ३६ चा होतो आणि डोक्यातून खाली उतरत नाही. सैलपणा घालणाऱ्यासाठी असतो, माया शिवणीसाठी. दोन रेघा दोन रंगांच्या खडूने काढा.

बगलेला १ इंच, ब्लाउजला शक्यतो दीड, खांद्याला आणि मुंढ्याला अर्धा, गळ्याला पाव, खालच्या घेराला दीड-दोन इंच माया ठेवते मी. लहान मुलींच्या कपड्यांना घेरात आणखी जास्त. पुढच्या गणपतीला तोच फ्रॉक उसवून लांब करता येतो, आणि त्या घरची आई हे विसरत नाही.

पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल असतो. बाहीलाही पुढची बाजू अशीच खोल, म्हणून तिथे खडूची खूण करा. दोन्ही बाह्या एकाच वेळी, कापडाच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून कापा. एकेक करून कापल्या तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. ही चूक मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीच्या हातून एकदा तरी झालेली बघितली आहे.

नवीन आकार थेट चांगल्या कापडावर कधीच नाही. आधी मांजरपाटावर कापा, कच्चा धावदोरा घाला, अंगावर लावून बघा. आणि प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री फिरवा. घरगुती आणि दुकानी शिलाईत दिसणारा निम्मा फरक तेवढ्यानेच मिटतो.

८. पहिले कपडे, याच क्रमाने

बाजाराची पिशवी (सरळ टीप, कोपरे). उशीचा अभ्रा. बाळाचं झबलं आणि टोपडं. इथे पहिल्यांदा गळा आणि मुंढ्याचं वळण येतं, कापडही थोडंच लागतं. मग सहा कळ्यांचा परकर, मग चुण्यांचा फ्रॉक, मग कुर्ता, मग साधा ब्लाउज, मग अस्तराचा. शिवलेली नऊवारी त्यानंतर. गणपतीत आणि लग्नात तिला मागणी असते, म्हणून मुलींना ती आधी शिकायची घाई असते, पण काष्ट्याचा बैठकीचा भाग परकर-सलवार हाताखालून गेल्याशिवाय नीट जमत नाही.

याच्या जोडीला एक जुना, चांगला बसणारा ब्लाउज घ्या आणि पूर्ण उसवा. टाका न् टाका. प्रत्येक तुकड्यावर नाव लिहा, इस्त्री करा, कागदावर ठेवून आकार काढा आणि तोच ब्लाउज परत जोडा. मला वर्षभराच्या क्लासमध्ये कळलं नाही ते या एका दुपारी कळलं.

९. डिझाइनची वही

फॅशनच्या चित्रात माणसाची आकृती नऊ-दहा डोक्यांइतकी उंच काढतात, प्रत्यक्षात माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास असतो. म्हणजे चित्रात शोभणारी लांबी अंगावर तशी दिसणार नाही. चित्र काढलं की बाजूला खरी मापं लिहायची सवय लावा.

आणि बघायला शिका. मासळी बाजारात कोळणीने लुगडं कसं खोचलंय की दिवसभर वाकून काम करूनही ते सुटत नाही? जाखडीला, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाचात, नाचणाऱ्याच्या कपड्याचा घेर गिरकी घेताना किती फुलतो? याची चित्रं काढा, कापडाचा तुकडा चिकटवा, घेर किती असेल त्याचा अंदाज लिहा.

१०. पहिली गिऱ्हाईकं

शिलाई घ्यायला लागलात की उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते खरं नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी हा व्यवसाय आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. पण ती आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी आहे आणि एका कुटुंबातून एकालाच मिळते. नोंदणी सीएससी केंद्रात (कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये) आधार घेऊन होते, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. मधल्या माणसाला पैसे देऊ नका.

प्रत्येक गिऱ्हाईकाचं वहीत एक पान करा: मापं, तारीख, आगाऊ रक्कम, आणि कोपऱ्यात कापडाचा छोटा तुकडा टाचून. दोन जणींची निळी कापडं एकाच दिवशी येतात तेव्हा हा तुकडाच वाचवतो.

जूनमध्ये शाळेचे गणवेश, एप्रिल-मेमध्ये लग्नं, आणि चतुर्थीच्या आधी चाकरमान्यांचं घर भरायच्या वेळी सगळ्यांनाच नवीन हवं असतं. चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी काम घेणं बंद करा, कितीही जवळचं माणूस आलं तरी. त्या पंधरा दिवसांत दोन दिवस वीज जाणार, एक दिवस कापड वाळणार नाही, आणि शेवटचे तीन दिवस नुसते हुक, काज आणि तुरपाईत जातात.